प्रोबायोटिक सुरू केलं आणि छातीत जळजळ लागली? आधी पाकीट उलटं करून बघा

प्रोबायोटिकची, म्हणजे पोटासाठी चांगल्या समजल्या जाणाऱ्या जिवंत जंतूंची, कॅप्सूल, गोळी किंवा पुडी सुरू केल्यावर पहिले काही दिवस पोट फुगलं, गुडगुडलं, वारा जास्त सरला, तर त्यात नवल नाही. पण अनेकांची तक्रार वेगळीच असते. छातीत जळजळ होते, करपट ढेकर येतात, रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं. पोट शांत व्हावं म्हणून जे घेतलं त्यानेच पित्त वाढवलं, असं म्हणून डबा कपाटात मागे ढकलला जातो. नाहीतर कुणीतरी सांगतं, ‘शरीरातली घाण बाहेर पडतेय, थोडं सहन करा’, आणि माणूस महिनाभर जळजळ सोसत बसतो. या घाण बाहेर पडण्याला कसलाही आधार नाही, ते डोक्यातून काढून टाका. आणि डबा फेकण्याआधी एवढं तपासा: दोष जंतूंचा आहे, त्यांच्यासोबत पाकिटात आलेल्या इतर मालाचा आहे, घेण्याच्या पद्धतीचा आहे, की त्याच आठवड्यात सुरू किंवा बंद केलेल्या दुसऱ्या औषधाचा? बहुतेक वेळा दोषी शेवटच्या तिघांपैकी कुणीतरी निघतो.

सुरुवात जठरापासून करू. रिकाम्या जठरात पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) साधारण १.५ ते २ असतो, आणि दिवसभरात दीड ते दोन लिटर जठररस स्रवतो. लॅक्टोबॅसिलस कुळातले जंतू लॅक्टिक आम्ल बनवतात हे खरं, दही त्यामुळेच लागतं. पण दही लागायला कोमट दूध आणि सहा-आठ तास लागतात. जठरात या जंतूंना दोन-तीन तास मिळतात, तेही इतक्या तीव्र आम्लात की त्यातले बरेच तिथेच मरतात. दीड-दोन लिटर जठररसापुढे चिमूटभर पावडरीतल्या जंतूंचं आम्ल हिशेबातही धरण्यासारखं नाही. ‘प्रोबायोटिकने अ‍ॅसिड वाढलं’ हे वाक्य त्यामुळे जवळजवळ नेहमीच चुकीचं असतं.

जळजळ होते ती आम्ल आपली जागा सोडून वर आल्यामुळे. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक कडी असते. गिळताना ती उघडते, एरवी आवळलेली असते. पण जेवणानंतर गिळणं चालू नसतानाही ती मधूनमधून काही सेकंद आपोआप सैल पडते. ढेकर बाहेर पडायची वाट हीच. जठर हवेने किंवा अन्नाने ताणलं गेलं की हे सैल पडणं वाढतं, आणि हवेसोबत आम्लही वर उसळतं. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की ही कडी सैल करणारा इशारा खालून, मोठ्या आतड्यातूनही येतो.

याचा चांगला पुरावा २००३ मध्ये ‘गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी’ या नियतकालिकात छापून आला. फ्रान्समधल्या संशोधकांनी आम्ल वर येण्याचा त्रास असलेल्या ९ रुग्णांना कमी चोथ्याचा आहार दिला आणि त्यासोबत सात दिवस, दिवसातून तीनदा, जेवणानंतर ६.६ ग्रॅम फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड दिलं. पाकिटांवर याचंच लघुरूप एफओएस असं असतं. हे आपल्याला पचत नाही, थेट मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले जंतू ते आंबवतात. परिणाम असा झाला की कडी जास्त वेळा सैल पडू लागली, अन्ननलिकेत आम्ल जास्त वेळ राहिलं आणि रुग्णांची जळजळ वाढली. रुग्ण फक्त नऊ होते हे खरं, पण दोष कुठे शोधायचा हे त्यावरून नीट कळतं. आतड्यात आंबण्याची क्रिया वाढली की तिथून संप्रेरकांचे संदेश जातात आणि वरची कडी ढिली पडते. म्हणजे प्रोबायोटिकसोबत खाद्य म्हणून घातलेली साखर खाली आंबते आणि जळजळ छातीत होते.

मात्र आकड्यांचं भान हवं. त्या प्रयोगात दिवसाला जवळजवळ २० ग्रॅम एफओएस पोटात गेलं. आपल्याकडे डॉक्टर लिहून देतात त्यातल्या अनेक कॅप्सूलमध्ये ते १०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे चिमटीतही धड येणार नाही इतकं. तेवढ्याने जळजळ झाली असं मला वाटत नाही. पण ‘गट हेल्थ’, म्हणजे आतड्याचं आरोग्य, म्हणून डब्यात मिळणाऱ्या, पाण्यात कालवून प्यायच्या पावडरींची गोष्ट वेगळी. त्यांच्या एका चमच्यात एफओएसच्याच जातीचं इन्युलिन ३ ते ५ ग्रॅम सहज असतं, आणि दिवसातून दोनदा घ्या असं लिहिलेलं असतं. त्यात आपलं जेवण बघा. गव्हाच्या पोळीत, कांद्यात, लसणात याच जातीच्या साखरा असतात. हरभरा, राजमा, वाटाण्यात त्यांच्या चुलत बहिणी. दुपारी उसळ-पोळी, संध्याकाळी कांदाभजी आणि वर दोन चमचे इन्युलिन असा बेत झाला, तर पोट डब्ब होण्यासाठी प्रोबायोटिक जंतूंची गरजच उरत नाही.

पाकिटावर काय वाचायचं

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात जंतूंची संख्या असते, ती तूर्त सोडून द्या. मागे बारीक अक्षरात घटकांची यादी असते तिथे या. इन्युलिन, चिकोरी मुळांचा अर्क, एफओएस, जीओएस (तशीच आंबणारी आणखी एक साखर) यांपैकी काही आहे का आणि किती ग्रॅम आहे ते बघा. मिलिग्रॅम की ग्रॅम, इथेच सगळी मेख असते. मग गोडव्यासाठी काय घातलंय ते बघा. सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, माल्टिटॉल, झायलिटॉल ही मंडळी चघळायच्या गोळ्यांत आणि गमीजमध्ये असतात. ती लहान आतड्यात अर्धवटच शोषली जातात, पाणी खेचतात आणि खाली जाऊन आंबतात.

संत्र्याच्या किंवा लिंबाच्या चवीच्या पावडरीत सायट्रिक आम्ल असतं. निरोगी अन्ननलिकेला त्याचं काही वाटत नाही. आधीच सोललेल्या अन्ननलिकेला ते गिळताक्षणी झोंबतं. सोबत क जीवनसत्त्व आणि झिंक घातलेली ‘इम्युनिटी’वाली प्रोबायोटिक्स मिळतात. झिंक रिकाम्या पोटी घेतलं की मळमळ होते, यात जंतूंचा काहीच दोष नाही. आणि एक छुपा रुस्तुम म्हणजे पेपरमिंट तेल. पोटातला मुरडा कमी करायला ते चांगलं, म्हणून पचनाच्या मिश्रणांत घालतात. पण ते स्नायू सैल करतं, त्यात अन्ननलिकेची कडीही आली. ज्याला मुळात आम्ल वर येण्याचा त्रास आहे त्याने पुदिन्याचं तेल असलेलं काहीही विकत घेऊ नये. घेतलंच तर आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाची कॅप्सूल घ्यावी आणि ती चावू नये.

दुधाच्या साखरेवर मात्र उगाच आळ येतो. कॅप्सूलमध्ये भर म्हणून असलेलं लॅक्टोज काही मिलिग्रॅम असतं. दूध न पचणाऱ्या बहुतेक प्रौढांनाही एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे कपभर दुधातलं लॅक्टोज चालून जातं. दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी हा निराळा विषय. तिथे कणभरही चालत नाही, आणि काही जंतू दुधावरच वाढवलेले असतात, म्हणून लेबल वाचल्याशिवाय घेऊ नये.

आता जंतूंची नावं. सगळे लॅक्टोबॅसिलस सारखे नसतात. काही साखरेपासून जवळपास फक्त लॅक्टिक आम्ल बनवतात, अ‍ॅसिडोफिलस त्यातला. रॉयटेरी, फर्मेंटम, ब्रेव्हिस हे आम्लासोबत कार्बन डायऑक्साइडही सोडतात. ज्याला फुगण्याचाच त्रास आहे त्याने पहिल्या प्रयोगाला ही तीन नावं टाळावीत. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या मोठ्या कुळाची फोड होऊन त्याची अनेक कुळं झाली, त्यामुळे एकच जंतू एका पाकिटावर ‘लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी’ आणि दुसऱ्यावर ‘लिमोसिलॅक्टोबॅसिलस रॉयटेरी’ या नावाने दिसेल. एक सोसलं नाही म्हणून दुसरं आणलं आणि घरी पुन्हा तेच आलं, असं यामुळे घडतं. आडनाव बदललेलं असतं. शेवटचं नाव आणि त्यापुढचा अक्षर-आकड्यांचा सांकेतिक क्रमांक जुळवून बघा.

संख्येचा हिशेब असा: १ बिलियन म्हणजे १०० कोटी. भारतातल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार प्रोबायोटिक म्हणवणाऱ्या पदार्थाच्या रोजच्या मात्रेत साधारणपणे किमान १० कोटी जिवंत जंतू हवेत. याकुल्टच्या ६५ मिलिलिटरच्या बाटलीत ६५० कोटी असतात. बॅसिलस क्लॉसीच्या ५ मिलिलिटरच्या कुपीत २०० कोटी बीजाणू, म्हणजे टणक कवचात सुप्त असलेले जंतू, असतात. ऑनलाइन मिळणाऱ्या डब्यांवर ५,००० कोटी किंवा १०,००० कोटी असे आकडे झळकतात. मोठा आकडा म्हणजे जास्त गुण, असं नसतं. कुठल्या तक्रारीसाठी कुठला जंतू किती मात्रेत तपासला गेलाय, यावर गुण ठरतो. नाजूक पोटाने दहा-बारा जातींचं, हजारो कोटींचं मिश्रण पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रेत घेणं, हा मात्र त्रासाला आवतण देण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

घड्याळ काय सांगतं

त्रास घेतल्यापासून किती वेळाने होतो, ही माहिती कुठल्याही तपासणीइतकी उपयोगी आहे आणि फुकट आहे.

गिळल्यावर अर्ध्या तासाच्या आत छातीत टोचतं, गिळताना दुखतं, काहीतरी अडकल्यासारखं वाटतं? मग कॅप्सूल अन्ननलिकेला चिकटली असण्याची शक्यता मोठी. घोटभर पाण्याने गिळून लगेच आडवं होणाऱ्यांत हे हमखास घडतं. जिलेटीनचं आवरण ओलं झालं की चिकट होतं. कॅप्सूल बसून किंवा उभ्याने, पूर्ण पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर तरी पाण्यासोबत घ्यावी आणि पुढचा अर्धा तास पाठ टेकू नये. ‘झोपण्यापूर्वी घ्या’ हा सल्ला पुष्कळ डब्यांवर असतो. जळजळ होणाऱ्यांसाठी तो वाईट आहे.

तीन ते सहा तासांनी आधी पोट फुगतं, मग ढेकर, मग जळजळ, असा क्रम असेल तर आंबणाऱ्या साखरांवर संशय घ्या. रात्री झोपल्यावरच त्रास होत असेल, तर प्रोबायोटिकपेक्षा साडेदहाचं जेवण आणि अकराची झोप यांचा दोष जास्त. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा, डाव्या कुशीवर झोपा आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटरचे ठोकळे लावा. दोन उशा घेऊन भागत नाही. त्याने मान वर होते, कंबरेत वाकल्यामुळे पोटावर दाब येतो आणि त्रास उलट वाढतो.

सकाळी उठल्याउठल्या कॅप्सूल आणि त्यावर कडक चहा, ही आपल्याकडची सर्रास जोडी. चहाने कडीही थोडी ढिली पडते आणि आम्लही सुटतं. रोज चहा पिऊन काही होत नव्हतं असं म्हणणाऱ्यांनी एवढंच करावं: कॅप्सूल दुपारच्या जेवणाला हलवावी, चहा तसाच ठेवावा आणि चार दिवस बघावं.

सोबत काय सुरू केलंत, काय बंद केलंत

प्रोबायोटिक माणूस एकटं क्वचितच सुरू करतो. आतड्यांचं मनावर घेतलं की सोमवारपासून सगळंच सुरू होतं: सकाळी अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, न्याहारीला ओट्स आणि चिया, दुपारी कोंबुचा हा आंबवलेला चहा, रात्री इसबगोल. व्हिनेगर हे थेट आम्ल आहे आणि कोंबुचाचा पीएच ३ च्या आसपास असतो, वर त्यात बुडबुडे. चोथा दोन दिवसांत दुप्पट झाला की पोट फुगणारच. आणि नाव मात्र प्रोबायोटिकचं होतं.

अँटिबायोटिकसोबत प्रोबायोटिक दिलं असेल तर आधी अँटिबायोटिककडे बघा. डॉक्सीसायक्लिन अन्ननलिकेला अक्षरशः भाजतं, म्हणून ते भरपूर पाण्याने आणि बसूनच घ्यायचं असतं. अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनिक आम्लाने पोट बिघडतं. जेवणाच्या सुरुवातीला घेतलं तर कमी. दातदुखीवर किंवा कंबरदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक चालू असेल तर जळजळीचं कारण शोधत लांब जायला नको. लोहाच्या गोळ्या, मधुमेहासाठी नुकतं सुरू केलेलं किंवा वाढवलेलं मेटफॉर्मिन, रक्तदाबासाठीचं अ‍ॅम्लोडिपिन हेही संशयितांच्या यादीत असतात. पण ही औषधं परस्पर बंद करायची नाहीत, डॉक्टरांना सांगायचं.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट मात्र बंद केलेल्या गोळीत असते. वर्षभर सकाळी पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल ही आम्ल कमी करणारी गोळी घेणारा माणूस ‘आता नैसर्गिक उपाय करू’ म्हणून ती गोळी एकदम थांबवतो आणि त्या जागी प्रोबायोटिक घेतो. चार-आठ दिवसांत छाती पेटते. ही गोळी घेत असताना शरीर आम्ल वाढवण्यासाठी गॅस्ट्रिन हे संप्रेरक जास्त सोडत असतं, आणि आम्ल बनवणाऱ्या पेशींची क्षमता वाढत जाते. गोळी थांबली की झाकण निघतं आणि काही आठवडे आम्ल पूर्वीपेक्षा जास्त सुटतं. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पोटाची कसलीही तक्रार नसलेल्या १२० निरोगी लोकांपैकी निम्म्यांना आठ आठवडे याच जातीचं इसोमेप्रॅझोल ४० मिलिग्रॅम दिलं आणि मग थांबवलं. थांबवल्यानंतरच्या आठवड्यांत त्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, अपचन किंवा आंबट पाणी वर येणं यांपैकी काहीतरी झालं. नुसती खोटी गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. म्हणजे गोळी सोडल्यामुळे आजार नसलेल्यांनाही जळजळ लागली. अशा वेळी प्रोबायोटिक बंद करून काहीच साधत नाही. डॉक्टरांशी बोलून आम्लाची गोळी पुन्हा सुरू करायची की मात्रा निम्मी करत सोडायची, मधल्या काळात लागेल तेव्हा अँटासिड किंवा फॅमोटिडिन ही आम्ल कमी करणारी दुसऱ्या प्रकारची गोळी चालेल का, हे ठरवावं. अन्ननलिकेला मोठे व्रण असलेल्यांनी, बॅरेट्सचं (सततच्या आम्लाने अन्ननलिकेचं अस्तर बदलण्याचं) निदान झालेल्यांनी आणि रक्त पातळ करण्याची औषधं घेत असल्यामुळे ही गोळी दिलेल्यांनी ती स्वतःहून सोडूच नये.

इथेच एक गंभीर गोष्ट. ‘गॅस छातीत चढलाय’ म्हणत घरी बसलेल्या माणसाला हृदयविकाराचा झटका आलेला असतो, असं आपल्याकडे वारंवार घडतं. छातीत दाब, तो डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, घाम, धाप, चालल्यावर किंवा जिना चढल्यावर वाढणारी ‘जळजळ’ असं असेल तर सोडा-पाणी पिऊन वाट बघायची नाही. १०८ ला फोन करून ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं. मधुमेहींमध्ये आणि बायकांमध्ये तर दुखण्याऐवजी नुसती अस्वस्थता आणि मळमळ असू शकते. याशिवाय घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, नवीन रक्तक्षय, किंवा पंचावन्नच्या पुढे पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ असेल तर एंडोस्कोपीबद्दल विचारायला हवं. लोहाच्या गोळ्यांनी आणि बिस्मथ या पोटाच्या औषधानेही शौच काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची नसते.

शहानिशा कशी करायची

वरचं काही नसेल तर घरच्या घरी नीट तपासता येतं. अट एकच: एका वेळी एकच बदल.

प्रोबायोटिक पूर्ण थांबवा. जेवण, चहा, बाकीची औषधं आहे तशीच ठेवा. सात दिवस थांबा. वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: जळजळ शून्य ते दहामध्ये किती, किती वाजता, आणि आधीच्या जेवणात काय होतं. सात दिवसांत जळजळ कमी झाली नाही तर प्रोबायोटिक निर्दोष समजा आणि वर सांगितलेल्या इतर कारणांकडे वळा. ती कमी झाली तर लगेच दुसरा डबा आणू नका; तेच पुन्हा सुरू करून बघा, पण वेगळ्या रीतीने. चार दिवस एक चतुर्थांश मात्रा, मग चार दिवस अर्धी, मग पूर्ण. पुडीचा चौथा भाग कोरड्या चमच्याने काढावा आणि उरलेली पुडी क्लिप लावून हवाबंद डब्यात ठेवावी. दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात कोकणात, उघडी पुडी दोन दिवसांत गोळा होते. कॅप्सूल उघडून आतली पावडर चमचाभर दह्यात कालवता येते. अपवाद आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या कॅप्सूलचा: ती उघडली तर आवरणाचा उद्देशच संपतो. जिलेटीनची कॅप्सूल नको असलेल्या शाकाहारी मंडळींनाही पुडी बरी.

कमी मात्रेत त्रास नाही आणि पूर्ण मात्रेत आहे, असं दिसलं तर अर्ध्या मात्रेवरच राहिलात तरी बिघडत नाही. चौथ्या भागानेही तीच जळजळ परत आली तर मग ते उत्पादन तुमच्यासाठी नाही. त्यानंतर दोष जंतूंचा की भरीच्या मालाचा हे कळण्यासाठी साखरा नसलेलं काहीतरी वापरून बघावं. बॅसिलस क्लॉसीच्या कुपीत नुसते बीजाणू आणि पाणी असतं, त्यामुळे अशा पडताळणीला ती सोयीची पडते. तिने काही झालं नाही तर पहिल्या डब्यातलं इन्युलिन किंवा गोडवा दोषी होता असं समजायला हरकत नाही.

पहिल्या आठवड्यातलं फुगणं आणि गुडगुड बहुतेकांची एक-दोन आठवड्यांत निवळते. तिसऱ्या आठवड्यातही तेच असेल तर सवय होण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. गुण येतोय का हे ठरवायला मात्र चार आठवडे द्यावे लागतात. चिडक्या आतड्याच्या त्रासात ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेचं मार्गदर्शनही चार आठवडे घेऊन बघा असंच सांगतं.

घेण्याच्या बारीकसारीक गोष्टी: लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडो जातीचे जंतू जेवणासोबत किंवा जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावेत, जेवणानंतर उशिरा नकोत. अन्नाने जठरातलं आम्ल सौम्य होतं आणि जास्त जंतू तगतात. गरम दुधात, चहात, वाफाळत्या वरणात पावडर टाकू नये, जंतू मरतात. बीजाणूवाले टिकतात, तरी त्यांनाही साधं पाणीच द्यावं. अँटिबायोटिक आणि जिवाणूंचं प्रोबायोटिक यांत दोन तासांचं अंतर ठेवावं. सॅकरोमायसीस बुलार्डी हे यीस्ट आहे, त्याला अँटिबायोटिक मारत नाही, मात्र फ्लुकोनॅझोलसारखं बुरशीविरोधी औषध मारतं. जळजळीवर तात्पुरता उपाय म्हणून फसफसणारा सोडा घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तो आम्लाशी मिळून जठरात गॅस तयार करतो. ढेकर येऊन मोकळं वाटतं, पण त्या ढेकरेसोबत आम्लही वर येतं. शिवाय त्यात सोडियम भरपूर, म्हणजे रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना तो नकोच. जेवणानंतर घ्यायचं अल्जिनेटचं पातळ औषध इथे जास्त कामाचं. ते जठरातल्या अन्नावर साय धरल्यासारखं तरंगतं आणि आम्ल वर येऊ देत नाही.

काही पोटांना मात्र प्रोबायोटिक खरंच मानवत नाही. लहान आतड्यात, जिथे जंतू थोडेच असायला हवेत तिथे त्यांची गर्दी झाली असेल, तर वरून आणखी जंतू टाकल्याने जेवल्यावर तासाभरातच पोट फुगतं. आम्लाच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे, आतड्याची शस्त्रक्रिया झालेले, जुना मधुमेह असलेले यांच्यात ही शक्यता जास्त. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऑगस्टा इथल्या डॉक्टरांनी पोटफुगीसोबत डोकं जड होणं, काही सुचेनासं होणं अशी तक्रार असलेले ३० रुग्ण तपासले. ते सगळेच प्रोबायोटिक घेत होते. ते थांबवून अँटिबायोटिक दिल्यावर बहुतेकांना बरं वाटलं. या निष्कर्षावर नंतर वाद झाले, आणि त्यातून सरसकट नियम काढू नये. पण पोटफुगीसोबत डोकंही जड होत असेल तर डबा बंद करून पोटविकारतज्ज्ञांना दाखवावं. काही जंतू हिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीत शरीरात सुटणारं रसायन, बनवतात. घेतल्यावर चेहरा लाल होणं, डोकेदुखी, अंगावर पित्त उठणं असं होणाऱ्यांनी पुन्हा प्रयोग करू नये.

कर्करोगाची केमोथेरपी चालू असलेले, अवयव बदललेले, शिरेत मध्यवर्ती नळी घातलेले, स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेले आणि अपुऱ्या दिवसांची बाळं यांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय प्रोबायोटिक द्यायचंच नाही. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रोबायोटिक दिलेल्या गटात जास्त मृत्यू झाले. बुलार्डीची पुडी शिरेत नळी असलेल्या रुग्णाच्या उशाशी फोडू नये. तिची भुकटी उडून नळीवाटे रक्तात गेल्याच्या नोंदी आहेत.

आणि मुळात ते कशासाठी सुरू केलं होतं? अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये पुरावे तपासले तेव्हा प्रोबायोटिक सुचवावं अशा जागा मोजक्याच निघाल्या: अँटिबायोटिक घेताना होणारा क्लोस्ट्रिडियम डिफिसाइलचा जुलाब टाळणं, मोठं आतडं काढल्यावर बनवलेल्या पिशवीची सूज, आणि रुग्णालयातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांमधला आतड्याचा एक गंभीर आजार. छातीतली जळजळ त्या यादीत नाही. जळजळ कमी व्हावी म्हणूनच कुणी प्रोबायोटिक सुरू केलं असेल आणि ती वाढली असेल, तर ते थांबवणं हाच उपचार. थांबवताना मात्रा हळूहळू कमी करायची गरज नाही, आज बंद केलं तरी चालतं. हे जंतू आतड्यात घर करत नाहीत, बहुतेक एक-दोन आठवड्यांत शौचावाटे निघून जातात. तोवर दुपारच्या जेवणात वाटीभर ताजं, फार आंबट नसलेलं ताक घ्यायला हरकत नाही. फक्त त्यात हिरवी मिरची आणि आलं वाटून घालू नका, आणि रात्री आठनंतर ते नको.